डाव्या हाताची बेकारी

घडीचा चाकू उघडायला दोन हात लागतात, यात काही गैर आहे असं मला उभ्या आयुष्यात कधी वाटलं नव्हतं. मला हात दोनच आहेत आणि दोन्ही बऱ्यापैकी रिकामे असतात. शिवाय आमच्या घरी चाकू उघडण्याचे प्रसंग येतात तरी किती? दुधाची पिशवी बायको दाताने फोडते, कुरियरचं खोकं कपाटाच्या किल्लीने फाडते, आणि हापूस चोखण्याऐवजी चाकूने कापून खाणाऱ्या माणसाच्या कुळाबद्दल आमच्या आईला शंका येते. तरीही माझ्या आयुष्यात चाकू आला आणि पाठोपाठ तो एका हाताने उघडण्याचं वेड आलं. चाकू परवडला.

चाकू आणला मेव्हण्याने. तो न्यू जर्सीत असतो. पूर्वी येताना चॉकलेटं आणायचा, मग अत्तरं, मग बदाम. इथे सगळंच मिळायला लागल्यापासून त्याची फार पंचाईत झाली आहे. या खेपेला त्याने ‘बक ११०’ आणला. अमेरिकेत हा चाकू १९६४ पासून विकला जातोय. दोन्ही टोकांना पितळ, मधे गडद लाकूड, पावणेचार इंचांचं पातं आणि वजन दोनशे ग्रॅमच्या आसपास. खिशात ठेवला की पँट त्या अंगाने खाली उतरते. म्हणून सोबत पट्ट्यात ओवायची चामड्याची म्यान मिळते. ती लावून मी घरात एक फेरी मारली, तेव्हा बायको म्हणाली, “बसचे कंडक्टर वाटताय.”

चाकू उघडायची रीत साधी. पात्याच्या कण्याजवळ एक बारीक खाच असते. एका हातात मूठ धरायची, दुसऱ्या हाताच्या अंगठ्याचं नख खाचेत घालायचं आणि पातं ओढायचं. पुरतं उघडलं की मागची कमान खट्‌कन बसते आणि मग पातं आपण होऊन मिटत नाही. अडचण एवढीच, की याला नख लागतं. आमच्याकडे नखं शनिवारी कापायची नाहीत, रात्री कापायची नाहीत, दिवेलागणीला तर नाहीच नाही, असा आईचा दंडक. त्यामुळे उरलेल्या वेळात संधी सापडली की मी ती पुढच्या आठवड्याचीसुद्धा कापून टाकतो. माझा अंगठा त्या खाचेवरून नुसता घसरायचा. शेवटी मी एक नख राखायला घेतलं. चारच दिवसांत आईच्या नजरेला पडलं.

“हे काय रे ध्यान? सतार शिकतोयस का?”

“चाकूसाठी आहे, आई.”

“मग नखानेच काप की. चाकू कशाला?”

हा संवाद मेव्हण्याने ऐकला. मी दोन हातांनी, जीभ बाहेर काढून, पातं उपसत होतो, तेही त्याने पाहिलं. त्याचा चेहरा पडला.

“भावोजी, अजून दोन हातांनी उघडताय?”

“मग किती हातांनी उघडायचा?”

उत्तरादाखल त्याने खिशातून स्वतःचा चाकू काढला. त्याच्या पात्याला मुळाशी मोठं गोल भोक होतं. भोकावर अंगठा ठेवून त्याने असा काही रेटा दिला, की खट्! पातं बाहेर. दुसरा हात त्याने मुद्दाम पाठीमागे ठेवला होता. न्हाणीघरात नळ दुरुस्त करणारा प्लंबर पान्हा खाली ठेवून दारात येऊन उभा राहिला. नळ तसाच वाहत होता.

“दुसरा हात मोकळा राहतो,” मेव्हणा म्हणाला.

“कशाला?” बायकोने विचारलं.

“इमर्जन्सीला, ताई.”

“कसली इमर्जन्सी?”

मेव्हण्याने प्लंबरला नळाबद्दल विचारलं. बायकोच्या प्रश्नाचं उत्तर मला पुढेही फारसं कुणी दिलं नाही. पण उत्तर सापडलं नाही म्हणून पुरुषांनी एखादा उद्योग थांबवल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

त्या भोकाची कुळकथा मोठी रंजक आहे. कोलोराडोतली स्पायडर्को कंपनी सॅल ग्लेसर यांनी काढली. तिने १९७६ मध्ये बाजारात आणलेल्या पहिल्या वस्तूचं नाव होतं ‘पोर्टेबल हँड’. बारीक कलाकुसरीचं काम करणाऱ्याला वस्तू धरून ठेवायला एक जादा हात. पुढे १९८१ मध्ये त्यांनी ‘वर्कर’ नावाचा घडीचा चाकू काढला. त्याला खिशाच्या काठावर अडकवायची क्लिप होती आणि अंगठ्याने उघडण्यासाठी पात्यात गोल भोक होतं. म्हणजे ज्यांनी गिऱ्हाइकाला आधी तिसरा हात विकला, त्यांनीच पाच वर्षांत त्याचा दुसरा हात कामावरून कमी केला. धंदा करावा तर असा.

पण यामुळे बिनभोकाचे चाकू बाळगणाऱ्या मंडळींच्या जिवाला घोर लागला. बक ११० तर घरोघरी. चांगलाचुंगला चाकू टाकून कसा द्यायचा? मग त्यांच्यासाठी जोडवस्तू निघाल्या. ‘फ्लिकेट’ म्हणा, ‘वन आर्म बँडिट’ म्हणा, तत्त्व एकच: पात्याच्या कण्यावर एक पकड बसवायची, बारीक स्क्रूने आवळायची, बाहेर आलेल्या बोंडाला अंगठा लावायचा आणि ढकलायचं. पुढे बक कंपनीने स्वतःच ११० चे अंगठ्याने उघडणारे अवतार काढले. पण मी लग्नातला कोट दर पाच वर्षांनी उसवून पोटाला बसवणाऱ्या घराण्यातला. नवा चाकू घेण्यापेक्षा जुन्याला बोंड लावण्याची कल्पना मला मनापासून पटली. मेव्हण्याने परत गेल्यावर कुणाबरोबर तरी ते धाडलं.

पुडीत एक पितळी पकड होती, बोटात धरता न येणारी एक वाकडी किल्ली होती आणि एक स्क्रू होता. मी जेवणाच्या टेबलावर मांडामांड केली. टेबलाच्या दुसऱ्या टोकाला आई ताटात ज्वारी निवडत होती. पकड कण्यावर बसवली, स्क्रू भोकाशी नेला, किल्ली टेकवली, आणि स्क्रू उडाला. कुठे गेला ते आवाजावरून कळलं.

“आई, थांब. हात लावू नकोस.”

“कशाला?”

“ज्वारीत माझा स्क्रू आहे.”

“तो काळा होता तो? खडा समजून टाकला मी.”

“कुठे?”

आईने खिडकीकडे बोट दाखवलं. पंचाहत्तर वर्षं धान्य निवडणाऱ्या नजरेतून स्क्रू सुटेल, अशी अमेरिकन कारखानदारांची समजूत असावी. खालच्या कुंड्यांमध्ये मी दुर्बीण सोडून सगळी साधनं वापरली. तळमजल्यावरच्या काकू म्हणाल्या, “अंगठी पडली का हो?” मी हो म्हणालो. ‘चाकूच्या बोंडाचा स्क्रू’ हे वाक्य चारचौघांत उच्चारायला धैर्य लागतं. तर त्या काकूंनी आणखी चार जणींना बोलावलं. पाच बायका आणि मी मिळून जी अंगठी शोधली, ती अर्थातच सापडली नाही. संध्याकाळी एकीने माझ्या बायकोला फोन करून सांत्वन केलं, “सोनं जाणं वाईटच गं.”

दुसऱ्या दिवशी बोहरी आळी गाठली. पुण्यात खिळा, नटबोल्ट, बिजागरी या जातीची जी वस्तू बोहरी आळीत मिळत नाही ती जगात बनत नसते, असं मानायची पद्धत आहे. एका दुकानदाराने पकड हातात घेऊन उलटीसुलटी केली.

“कशाला असते ही?”

“चाकू एका हाताने उघडायला.”

“मग दुसऱ्या हाताला काय झालं?”

“काही नाही. चांगला आहे.”

त्यांनी माझ्या दोन्ही हातांकडे बघून घेतलं. “असं करा, स्वयंपाकाचा चाकू घेऊन जा. साठ रुपये. तो उघडाच येतो.”

शेवटी स्क्रू मिळाला. बोंड बसलं. आणि मग कळलं, की बोंडासकट चाकू म्यानेत जात नाही. बळेच कोंबला तर झाकण लागत नाही, आणि झाकण न लावता निघालो तर बस पकडताना चाकू खाली पडतो. बसमधल्या लोकांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, त्यानंतर मला खिडकीची जागा मात्र लगेच मिळाली. शेजारची रिकामीच राहिली.

आता सराव. ११० ची कमान चांगलीच कडक. अंगठ्याने रेटा दिला की पातं अर्ध्यावर येऊन विचार करायचं. मनगटाने झटका दिला की उघडायचं, पण कधी कधी बोंडच पात्यावरून सरकायचं. उजव्या अंगठ्याला फोड आला, म्हणून डाव्याने सराव केला. डावा अंगठाही गेला. दोन्ही अंगठ्यांना पट्ट्या बांधून बसलो, तेव्हा चाकू एका हाताने उघडता येईना आणि दोन हातांनीही येईना. त्या रात्री मला बायकोने भात कालवून दिला. तिने काही विचारलं नाही. नुसती हसत होती.

पट्ट्या निघाल्यावर पुन्हा सुरुवात केली. टीव्हीसमोर बसून खट्, मिटव, खट्, मिटव. घरातल्यांना त्या आवाजाचा वीट आला. आईला तर हा आवाज फक्त हिंदी सिनेमातून परिचयाचा. तिच्या पिढीला खट् म्हणजे रामपुरी, आणि रामपुरी म्हणजे पुढच्या दृश्यात कुणीतरी अनाथ होणार. बिचारी टीव्हीवरची आरती ऐकतानासुद्धा दचकायची. उत्तर प्रदेशातल्या रामपूरला या चाकूचा भारी अभिमान. २०२३ मध्ये तिथे भर चौकात रामपुरीचं वीसेक फुटी शिल्प उभारलं. ते उघड्या पात्याचंच आहे. एवढा चाकू एका हाताने उघडायची जोखीम प्रशासनाने घेतली नाही, हे उत्तम झालं.

एका संध्याकाळी असाच सराव चालला असताना दारावरची बेल वाजली. मी नादात उठलो आणि दार उघडलं. बाहेर गणपतीच्या वर्गणीची मुलं होती. पावतीपुस्तक काढता काढता पुढच्या मुलाची नजर माझ्या उजव्या हाताकडे गेली.

“काका, नंतर येतो.”

“अरे थांबा, देतो की.”

“नको काका. तुमच्या इच्छेने कधीही द्या.”

वर्गणी इच्छेने द्यायची असते, हे मंडळाच्या तोंडून ऐकणारा मी आमच्या पेठेतला पहिला माणूस असेन. बायकोला चाकूचा पहिला उपयोग त्या दिवशी दिसला. पण दुसऱ्या दिवशी मंडळाचे अध्यक्ष चौकशीला आले, “घरात सगळं ठीक ना, वहिनी?” आणि शरमेपोटी तिने त्यांना दुप्पट वर्गणी दिली.

शेजारचे वकीलकाका निवृत्त झाल्यापासून कायदा फुकट सांगतात. मी त्यांना चाकू दाखवला. त्यांनी फूटपट्टी मागवली.

“पातं नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद असेल तर शस्त्र नियमांत परवान्याचा प्रश्न येतो. त्यातही घरगुती आणि शेतीची हत्यारं वेगळी. तुमचं किती? पावणेचार?” काकांनी फूटपट्टी खाली ठेवली. त्यांचा स्पष्ट हिरमोड झाला होता. “तरी रस्त्यात खट्-बिट् करू नका. हवालदार इंच मोजत बसत नाही.”

मग ते परदेशांत शिरले. १९५८ मध्ये अमेरिकेने बटण दाबून उघडणाऱ्या चाकूंविरुद्ध कायदा केला. पण त्यात एक सवलत ठेवली: ज्याला एकच हात आहे, त्याने तीन इंचांपर्यंत पात्याचा असा चाकू जवळ बाळगायला हरकत नाही. ऐकून मी गप्पच झालो. चाकू एका हाताने कुणाला उघडावा लागतो, या बायकोच्या प्रश्नाचं सरळ उत्तर साऱ्या जगात मला या एकाच ठिकाणी मिळालं, आणि तेही सरकारकडून. बाकी आम्ही सगळे दोन हातवाले, एक हात मागे धरून त्या रांगेत घुसलेले.

युरोपात आणखी मजा. स्विस सैनिकाला १८९१ पासून घडीचा चाकू मिळतो. बंदूक खोलायला आणि डबे फोडायला. शंभराहून जास्त वर्षं ते सैन्य नखानेच पातं उघडत होतं. २००८ मध्ये नवा चाकू ठरला आणि त्याच्या पात्याला अंगठ्यासाठी भोक आलं. त्याच वर्षी शेजारच्या जर्मनीने काय करावं? एका हाताने उघडून पक्का बसणारा चाकू योग्य कारणाशिवाय जवळ बाळगायला बंदी केली. मग तिथे बोंड काढता येणारे चाकू विकायला लागले. म्हणजे अमेरिकेतला माणूस रात्री जागून चाकूला बोंड आवळतोय, जर्मनीतला माणूस रात्री जागून तेच बोंड सोडवतोय, आणि दोघांचेही स्क्रू गालिच्यात हरवतायत.

“आपलं काय?” मी विचारलं.

“आपलं ज्वारीत,” वकीलकाका म्हणाले. सोसायटीत काहीही लपून राहत नाही.

एवढ्यावर थांबायला हरकत नव्हती. पण मेव्हणा व्हिडिओ कॉलवर आला. “भावोजी, बोंड जुनं झालं. आता खिशातून काढतानाच उघडतात.” अर्नेस्ट एमर्सन नावाच्या अमेरिकन चाकूवाल्याने पात्याच्या कण्यावर एक आकडा काढला होता. मूळ हेतू असा, की समोरच्याचं पातं घसरून आपल्या हातावर येऊ नये. पण चाकू खिशातून ओढताना तो आकडा खिशाच्या काठात अडकायला लागला आणि पातं आपोआप उघडायला लागलं. मग त्याचंच कौतुक झालं, १९९९ मध्ये पेटंटही मिळालं. ज्यांच्या चाकूला आकडा नाही, त्या गरिबांसाठी तोड अशी: पात्याच्या भोकातून वायरी बांधायची प्लास्टिकची पट्टी ओवायची, आवळायची, शेपूट कापायचं. राहिलेली गाठ म्हणजे आकडा. खर्च जवळपास शून्य.

शून्य खर्चाची वस्तू मराठी माणसाने सोडायची म्हणजे पूर्वजांना काय सांगायचं? ११० ला भोक नव्हतं, म्हणून फक्त ही शून्य खर्चाची पट्टी लावण्यासाठी मी भोकाचा दुसरा चाकू विकत घेतला. पट्टी ओवली, आवळली, चाकू खिशात ठेवला, आरशासमोर उभा राहिलो आणि झर्रकन ओढला. चाकू उघडला. खिसाही उघडला. पुढे खिशातलं सुटं नाणं न नाणं फरशीवर उघडलं.

पँट घेऊन शिंप्याकडे गेलो. त्याने चिरलेल्या खिशात बोट घालून पाहिलं.

“खिसा कापला? बसमध्ये?”

“घरी.”

“घरी? कोणी?”

“मीच.”

शिंपी शिवणयंत्र थांबवून बघत राहिला. “साहेब, महागाईने खिशाला कात्री लागते हे ऐकलंय. तुम्ही जातीने लावलीत.” पुढे मी तिसरी पँट नेली तेव्हा त्याने न विचारताच आतून जाड कॅन्व्हासचा खिसा लावून दिला. त्या खिशात आता आकडा अडकत नाही.

खऱ्या गरजवंताचा प्रसंगही मी पाहिला, नाही असं नाही. पंखा बसवायला वायरमन आला होता. शिडीच्या सगळ्यात वरच्या पायरीवर, डाव्या हाताने पंख्याचा दांडा तोलून धरलेला, उजव्या हातात वायर. जगातला प्रत्येक एकहाती चाकू ज्या माणसासाठी बनवल्याचं सांगतात, तो साक्षात माझ्या दिवाणखान्यात शिडीवर उभा! मी खालून बोंडवाला चाकू वर केला.

“हा घ्या. एका हाताने उघडतो. दुसरा हात सोडायची गरज नाही.”

“पण तो घ्यायला हात कुठाय?” वायरमन म्हणाला आणि त्याने वायरीचं टोक दाताने सोललं. मग खाली उतरून कंबरेच्या पिशवीतून आपलं हत्यार दाखवलं. तुटलेल्या करवतीच्या पात्याचा वीतभर तुकडा, घासून धार काढलेली, एका टोकाला काळी इन्शुलेशन टेप गुंडाळलेली. घडी नाही, खाच नाही, भोक नाही.

“हे उघडायचं कसं?” मी सवयीने विचारलं.

“हे मिटतंच कुठे?”

पण माझा खरा पाडाव घरातच व्हायचा होता. आईकडे घडीची विळी आहे, तुळशीबागेतली. पात्याखाली लाकडी फळी, टोकाला नारळ खवायची खवणी. मी कौतुकाने बोंडाची उघडझाप दाखवत होतो, तेव्हा आई जमिनीवर बसून मेथी चिरायच्या तयारीत होती. तिने विळी पुढ्यात ओढली, पातं उभं केलं, एक पाय मोडून फळीवर ठेवला. पुढे जुडी दोन्ही हातांत धरून सरसर पात्यावर नेऊ लागली. मेथी बारीक, एकसारखी, आणि नजर टीव्हीवर.

“तुझ्या त्या चाकूने काय होतं म्हणालास?”

“एक हात मोकळा राहतो.”

“माझे दोन्ही असतात,” आई म्हणाली आणि पुढची जुडी घेतली.

मी गणित करून पाहिलं. गेल्या पन्नासएक वर्षांत जगभरच्या कारागिरांनी भोकं पाडली, बोंडं लावली, आकडे काढले, स्प्रिंगा भरल्या, पेटंटं घेतली, आणि एवढ्या खटाटोपाने एक हात सोडवला. आणि आमच्याकडे कोण जाणे कोणी, पेटंट-बिटंट न घेता, चाकूच पायाखाली देऊन दोन्ही सोडवले. शिवाय त्या दोन मोकळ्या हातांना तिच्याकडे काम होतं. माझा डावा हात मोकळा झाल्यापासून त्याने काय केलं? मोबाइल धरला. तोही चाकू उघडतानाचा व्हिडिओ काढायला.

एक गोष्ट तर कुठल्याच जाहिरातीत सांगत नाहीत. माझ्यासारखा मागच्या कमानीचा चाकू एका हाताने उघडतो, मिटत नाही. मिटवायचा तर मागची कमान दाबून धरायची आणि त्याच वेळी पातं आत वळवायचं. हे एका हाताने करायला गेलं की पात्याच्या वाटेत आपलीच चार बोटं ओळीने बसलेली असतात. काही निष्णात लोक तेही करतात म्हणे, पण त्यांची बोटं मोजून पाहायची संधी मला मिळालेली नाही. उघडण्यासाठी बोंड, भोक, आकडा, स्प्रिंग, बटण. मिटवण्यासाठी मात्र ‘दुसरा हात वापरावा’. माणसाची जातच अशी. रस्ता खोदायला पाच खाती हजर, बुजवायला कुणाचंच खातं नाही. बरणीचं झाकण उघडणारे घरात चार, लावणारी एक. उद्घाटनाला गर्दी, समारोपाला खुर्च्या उचलणारा माणूस.

उद्घाटनाचं तर प्रत्यक्षच अनुभवलं. आमच्या सोसायटीत ज्येष्ठ नागरिकांसाठी नवा कट्टा बांधला. उद्घाटनाला माजी नगरसेवक आले. दोन कुंड्यांना गुलाबी सॅटिनची फीत बांधली होती, तबकात हळदकुंकू होतं, नारळ होता, शाल होती. कात्री नव्हती. ती ज्यांनी आणायची ते नाशिकला लग्नाला गेले होते, कात्रीची आठवण घेऊन. सेक्रेटरी घामाघूम झाले आणि त्यांना एकदम मी दिसलो.

“अहो, तुमचा तो चाकू आहे ना जवळ?”

आयुष्यात असे प्रसंग मागून मिळत नाहीत. मी पुढे सरसावलो. तेवढ्यात अध्यक्षांनी तबक रिकामं करायला म्हणून नारळ आणि शाल माझ्या डाव्या हातात दिली. बायको पहिल्या रांगेत होती. मी तिच्याकडे बघून भुवई उडवली: ही बघ इमर्जन्सी! आणि सगळ्यांच्या देखत, एका हाताने, बोंडावर अंगठा देऊन... खट्! पोरांनी टाळ्या वाजवल्या. माजी नगरसेवक दोन पावलं मागे गेले आणि त्यांचे दोन आडदांड कार्यकर्ते तेवढीच पावलं पुढे आले.

खुलासा झाल्यावर चाकू फितीला लावला. ढिली सॅटिन ती, पात्यापुढे नुसती पळायला लागली. मी पुढे, फीत त्याच्या पुढे. मग एक कार्यकर्ता या बाजूला, दुसरा त्या बाजूला, दोघांनी दोन-दोन हातांनी फीत ताणून धरली. उद्घाटन पाहुण्यांच्या हस्ते असल्याने त्यांचा हात माझ्या हातावर आला. अशा रीतीने, एका हाताने उघडणाऱ्या चाकूने, एकूण सहा हात लावून, फीत कापली गेली.

टाळ्या झाल्या. पाहुण्यांनी लगेच माईक धरला आणि ज्येष्ठांच्या सुरक्षिततेवर बोलायला सुरुवात केली. मी त्यांच्या शेजारी उभा, उजव्या हातात उघडा चाकू, डाव्यात नारळ आणि शाल. माईकवर तळहात ठेवून ते माझ्या कानाशी आले.

“काका, तो मिटवा की आता.”

“मिटवतो ना,” मी म्हणालो आणि नारळ पुढे केला. “हा जरा धरता का?”